अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे पोट आणि त्याच्या भोवतीची शांतता

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे. मुलगी २९ आठवडे पूर्ण होताच जन्मली, जन्मवजन ११५० ग्रॅम होते आणि आज तिचा १६ वा दिवस आहे. नाकावाटे दाबाने हवा देणारे सीपॅप चालू आहे. तोंडातून पोटात घातलेल्या नळीने तिला दर दोन तासांनी ७ मिली दूध मिळते, आणि पोट फुगल्यामुळे ते आतापर्यंत दोनदा थांबवावे लागले आहे. परिचारिका काचेच्या पेटीवर कापड टाकतात, हळू बोलायला सांगतात, ती झोपलेली असेल तर हात लावू देत नाहीत, आणि डॉक्टरांनी आईला तिला रोज छातीशी धरून बसायला सांगितले आहे. हे सारे ममतेपोटी ठीक, पण पोट फुगण्याचा याच्याशी काय संबंध, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय घरच्या वडीलधाऱ्यांनी सुचवलेली बाळगुटी किंवा ग्राइप वॉटर चालेल का, आणि हे सगळे किती दिवस चालणार, हेही विचारले आहे.

बाळगुटीचे उत्तर आधी देतो, कारण त्यात विचार करण्यासारखे काही नाही. सध्या नाही आणि घरी गेल्यावरही नाही. वेखंड, हळकुंड, बदाम, खारीक सहाणेवर उगाळताना त्या सहाणेवरचे जंतूही त्या चमच्यात येतात, आणि गुटी मधात कालवली तर बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूची भर पडते. पूर्ण दिवसांच्या बाळालाही मी ती देऊ देत नाही. ज्या आतड्याचे आतले अस्तर अजून विरळ आहे आणि ज्याची संरक्षक श्लेष्माची साय पुरती धरलेली नाही, त्याच्या बाबतीत तर हा थेट धोका आहे. ग्राइप वॉटरचा उपयोग सिद्ध झालेला नाही. आजींना हे सांगताना कृपया त्यांच्या अनुभवाचा अनादर होऊ देऊ नका. त्यांनी वाढवलेली मुले नऊ महिन्यांची होती, ही सात महिन्यांचीही झालेली नव्हती, एवढाच फरक समजावून सांगावा.

आता मूळ प्रश्न. २९ व्या आठवड्यात आतडे नेमके कोणत्या अवस्थेत असते हे कळल्याशिवाय त्या कापडाचा अर्थ कळणार नाही. गर्भातील शेवटच्या पंधरा आठवड्यांत आतड्याची लांबी जवळजवळ दुप्पट होते. या काळात गर्भ रोज गर्भजल गिळत असतो, नवव्या महिन्यात तर दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास, आणि त्यातील वाढीच्या घटकांनी आतड्याचे अस्तर तयार होत जाते. तुमच्या मुलीचे हे काम अर्ध्यावर असतानाच नाळ कापली गेली. आतड्याचे स्नायू आकुंचन पावतात, पण एकामागोमाग एक शिस्तीने नव्हे. अन्न पुढे ढकलणारी आणि मधल्या वेळात आतडे झाडून काढणारी लाट साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास नीट बसते. जठर सावकाश रिकामे होते, अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल असते, लॅक्टोज पचवणारे विकर पूर्ण दिवसांच्या बाळाच्या तुलनेत कमी असते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळही सर्वसाधारणपणे ३४ आठवड्यांच्या आसपासच जमतो. म्हणून नळी. नळी ही हार नव्हे, ती त्या वयाची रीत आहे.

या आतड्याला चालवणारी यंत्रणा कोणती, तर तीच स्वायत्त मज्जासंस्था जी हृदयाचे ठोके, श्वास आणि रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळते. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू बाळ शांत असताना पचनाच्या बाजूने काम करतो. उलट बाळ दचकले, दुखावले किंवा त्याचा श्वास थांबून ऑक्सिजन उतरला, की शरीर मेंदू आणि हृदयाकडचे रक्त राखते आणि आतड्याकडचे आखडते. हे प्रौढांतही होते, पण प्रौढ माणूस काही क्षणांत सावरतो. ११५० ग्रॅमचे बाळ सावरायला बराच वेळ घेते आणि सावरण्याआधीच पुढची सुई, पुढचा आवाज, पुढची तपासणी येते. दिवसभरात असे किती झटके बसतात ते मोजून पाहिले तर पेटीवरच्या कापडाकडे बघण्याची नजर बदलते.

बोस्टन येथील मानसशास्त्रज्ञ हाइडेलीझ आल्स यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचे मर्म असे की अपुऱ्या दिवसांचे बाळ बोलत नसले तरी सतत सांगत असते, आणि त्याचे सांगणे शरीराच्या वेगवेगळ्या स्तरांवर चालते. त्यांनी ताणाच्या खुणांमध्ये बोटे फाकणे, पाठ कमानीसारखी ताठ करणे, रंग पालटणे यांच्याबरोबर उचकी, उबळ, दूध वर येणे आणि शी करताना कुंथल्यासारखे करणे यांचाही समावेश केला. मला यातील ही शेवटची यादी फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे उचकी लागली की आई हरखते आणि ‘बाळाचं पोट वाढतंय’ असे म्हणतात. काचेच्या पेटीतील बाळाच्या बाबतीत तीच उचकी अनेकदा ‘आता पुरे’ असे सांगत असते. लंगोट बदलल्यावर, टाचेतून रक्त घेतल्यावर किंवा पेटीचे दार जोरात लागल्यावर तुमच्या मुलीला उचकी लागते का, दूध वर येते का, हे दोन दिवस केवळ बसून पाहा. लिहून ठेवा. तुमची वही त्या युनिटला उपयोगी पडेल, कारण परिचारिकेकडे अनेक बाळे असतात आणि तुमच्याकडे एकच आहे.

तेव्हा कापड, कमी आवाज आणि झोप न मोडणे याचा पोटाशी संबंध हा असा आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने नवजात अतिदक्षता विभागातील आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये असे सुचवले आहे, आणि आपल्या बहुतेक विभागांत नुसत्या बोलण्याने ती मर्यादा ओलांडली जाते. पेटीच्या टपावर फाइल आपटली तर आतल्या बाळाला तो आघात बाहेरच्यांपेक्षा फार मोठा ऐकू येतो. मोबाइल बंद ठेवणे, दार दोन्ही हातांनी अलगद लावणे, लंगोट बदलणे, तापमान पाहणे व दूध देणे ही कामे एकत्र करून मधला वेळ सलग झोपेला मोकळा ठेवणे, एवढे तर कोणत्याही रुग्णालयात बिनखर्चाने करता येते. मात्र ‘एकत्र करणे’ याचाही अतिरेक होतो. चार कामे एका दमात उरकताना बाळ थकून निळसर पडत असेल, तर तिथेच थांबून उरलेली दोन पुढच्या वेळेला करावीत.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. विकासानुकूल काळजी, म्हणजे बाळाच्या वाढीला पोषक असे वातावरण आणि हाताळणी, या नावाखाली जे जे येते ते सगळे सारख्याच भक्कम पुराव्यावर उभे नाही. आल्स यांच्या सिद्धान्तावर बेतलेल्या काळजीचा संपूर्ण कार्यक्रम राबवला तर पुढे बुद्धीच्या वाढीवर ठाम फरक पडतो, असे चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून सिद्ध झालेले नाही. दूध देण्याआधी दुधाचा वास देणे किंवा थेंबभर चव देणे याचा पुरावाही अजून तोकडा आहे, पण त्यात धोका नाही म्हणून मी ते करू देतो. याउलट दोन गोष्टींच्या पाठीशी भरभक्कम पुरावा आहे, आईचे दूध आणि आईची त्वचा. युनिटमध्ये मनुष्यबळ अपुरे असेल, सगळे जमणार नसेल, तर या दोहोंसाठी भांडावे असे माझे मत आहे.

बाळाला त्वचेला त्वचा लावून छातीशी धरण्याच्या पद्धतीचा, म्हणजे कांगारू मदर केअरचा, आरंभ १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरत नाहीत या अडचणीतून झाला. एडगर रे सानाब्रिया आणि त्यांचे सहकारी हेक्टर मार्टिनेझ यांनी बाळांना आयांच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. बरीच वर्षे ही गरिबांची पर्यायी सोय समजली गेली, आणि बाळ आधी स्थिर होऊ द्यावे, मग आईकडे द्यावे असा नियम पडला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने तो नियमच उलटवला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील रुग्णालयांत १ किलो ते १.७९९ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. त्या अभ्यासानंतर, २०२२ मध्ये, संघटनेने दिवसातून ८ ते २४ तास आणि जितके जास्त जमेल तितके, अशी शिफारस केली.

त्वचेला त्वचा लागल्याने पोटाला काय मिळते? पहिले, ऊब. जी उष्मांके स्वतःला गरम ठेवण्यात खर्ची पडली असती ती वाढीला उरतात. दुसरे, श्वास आणि ठोके स्थिर राहतात, म्हणजे आतड्याकडचा रक्तपुरवठा वारंवार आखडत नाही. तिसरे, आईचे दूध वाढते. बाळ छातीशी असताना किंवा त्यानंतर लगेच दूध काढले तर अनेक मातांना ते अधिक मिळते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. चौथी गोष्ट आईवडिलांना सहसा कोणी सांगत नाही. बाळाच्या आतड्यात पहिली वस्ती कोणत्या जंतूंची होणार हे ठरायचे असते. अतिदक्षता विभागातील नळाचे, नळ्यांचे, हातांचे जंतू तिथे टपून बसलेले असतात. आईच्या त्वचेवरची आणि दुधातली जंतूंची वस्ती लवकर पोचली तर त्या टपलेल्यांना जागा कमी मिळते. वडिलांनीही असे धरावे. दूध वगळता बाकीचे बहुतेक लाभ तुमच्या छातीशीही मिळतात. सीपॅप चालू असणे ही अडचण नाही. परिचारिकेने नळ्या नीट चिकटवून बाळ हस्तांतरित करावे, आणि एकदा धरले की निदान एक तास तरी हलवू नये, कारण उचलणे आणि ठेवणे हाच त्यातला सर्वांत ताणाचा भाग असतो. त्या स्थितीत नळीने दूध देता येते.

दुधाबद्दल. आईचे स्वतःचे दूध सर्वांत उत्तम. ते पुरत नसेल तर दूधपेढीतील मातेचे दूध. तेही नसेल तर मग अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीची विशेष पावडर. हा क्रम आवडीनिवडीचा नाही. आतड्याचा एक भयंकर आजार आहे, ज्यात आतड्याच्या भिंतीला सूज येऊन ती सडू लागते. वैद्यकात त्याला नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस म्हणतात आणि युनिटमध्ये सगळे त्याला ‘एनईसी’ म्हणतात. १५०० ग्रॅमखालील बाळांना त्याचा धोका सर्वाधिक असतो, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे तुमची मुलगी आज त्याच काळात आहे, आणि पावडरच्या दुधापेक्षा मातेच्या दुधावर तो निश्चितपणे कमी होतो. मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली दूधपेढी सुरू केली, ती याच विचाराने. पेढीतले दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवतात, त्यामुळे जंतू मरतात, पण चरबी पचवायला मदत करणारे दुधातले विकरही नष्ट होते. म्हणून पेढीचे दूध चांगले असले तरी आईच्या ताज्या दुधाची बरोबरी त्याला येत नाही.

बाळंतिणीला दिवसातून किमान आठ वेळा दूध काढायला सांगा, आणि त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची असू द्या. चार मिली निघाले म्हणून ती रडत असेल तर तिला ७ मिलीचा हिशोब दाखवा: दोन वेळच्या कष्टात एका वेळची सोय होते. पहिल्या दिवसांतला चीक राखून ठेवला असेल तर त्याचे एक-दोन थेंब गालाच्या आतून लावायला विचारा. काढलेले दूध खोलीच्या तापमानाला चार तासांच्या आत वापरावे, नाहीतर काढल्याबरोबर शीतकपाटात ठेवून २४ तासांच्या आत. पंपाने संथपणे दूध सोडत असतील तर दुधाची चरबी सिरिंजला आणि नळीला चिकटून राहते आणि बाळापर्यंत कमी पोचते. म्हणून शक्य तिथे ते सिरिंज उंच धरून आपोआप उतरू देणे बरे.

पोट फुगण्याविषयी. सीपॅपवरील बाळाच्या पोटात हवा जातेच. पोट गोल आणि तट्ट दिसते, आतड्याच्या वेटोळ्या बाहेरून उमटतात, पण ते मऊ असते, बाळ रंगाने चांगले आणि हालचालीने ताजेतवाने असते, शी होत असते. अशा पोटाला घाबरून दूध थांबवणे ही आमच्या पिढीची चूक होती. मी शिकाऊ असताना प्रत्येक वेळी दूध देण्याआधी नळीतून जठर उपसून पाहायचे आणि दोन मिली पिवळसर काही आले की ते फेकून दूध बंद करायचे, असा आमच्या विभागाचा दंडक होता. एका बाळाचे दूध आम्ही असे पाच वेळा बंद केले. त्याला एनईसी झालाच नाही. त्याला झाला तो लांबलेल्या सलाइनच्या नळीतून जंतुसंसर्ग. आज प्रत्येक वेळी जठर उपसून पाहण्याची गरज नाही असे मानले जाते. दूध बंद ठेवल्याने आतडे विश्रांती घेत नाही, त्याचे अस्तर झडते.

थांबायलाच हवे अशा खुणा वेगळ्या आहेत. गडद हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, पोट कडक किंवा चकचकीत होणे, पोटाची कातडी लालसर वा काळपट दिसणे, हात लावताच बाळाने कण्हणे. त्याहूनही फसवी खूण म्हणजे कालपर्यंत चपळ असलेले बाळ आज मलूल वाटणे, वारंवार श्वास विसरणे, अंग गार पडणे. यातील काही दिसले तर लगेच सांगावे, ‘उगाच शंका’ म्हणून गप्प राहू नये. एक्स-रेमध्ये आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले तर दूध बंद, प्रतिजैविके चालू आणि बालशल्यविशारदांना बोलावणे, हे ओघाने येते. तुमच्या मुलीचे दूध ज्या दोन वेळा थांबवले तेव्हा यातले काय दिसले होते, हे डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मी तिला तपासलेले नाही. त्यांनी तपासले आहे.

औषधांबाबत माझा हात आखडता आहे. दूध वर येते म्हणून आम्ल कमी करणारी औषधे देण्याची सवय अजून गेलेली नाही, पण जठरातले आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला उंबरठा असतो, आणि ही औषधे घेणाऱ्या बाळांत जंतुसंसर्ग व एनईसीचे प्रमाण अधिक आढळले आहे. वायूच्या थेंबांनी काही साधत नाही. ‘चांगल्या जंतूं’च्या पुड्यांबद्दल, म्हणजे प्रोबायोटिक्सबद्दल, मतभेद आहेत: अनेक चाचण्यांत एनईसी कमी झालेला दिसतो, परंतु २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाच्या मृत्यूनंतर या उत्पादनांबाबत इशारा दिला, कारण पुडीतलाच जंतू रक्तात उतरला होता. दर्जाची खात्री असलेले उत्पादन आणि लक्ष ठेवणारा विभाग असेल तरच त्याचा विचार व्हावा. दुकानातून आणून तर मुळीच नाही. आणि शी होत नाही म्हणून एरंडेल लावलेला पानाचा देठ किंवा साबणाची चिपटी वापरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. इतक्या लहान बाळांना पहिली काळी शी पूर्ण बाहेर टाकायलाच कित्येक दिवस लागतात.

काही छोट्या गोष्टी मात्र खरोखर उपयोगी पडतात. दूध नळीने चालू असताना बाळाला चोखायला काही द्यावे, रबरी चोखणी नव्हे तर आईने दूध काढून रिकामा केलेला स्तन किंवा स्वच्छ धुतलेले बोट. त्याने नळीवरून तोंडाने दूध पिण्याकडे जाणे लवकर होते आणि रुग्णालयातला मुक्काम घटतो. दूध दिल्यावर पालथे निजवले की जठर लवकर रिकामे होते आणि श्वासही सुधारतो, पण हे केवळ मॉनिटर लावलेले असताना. घरी झोपवताना नेहमी उताणेच. हातपाय सैल पसरलेले न ठेवता दुपट्याच्या गुंडाळीचे घरटे करून अंग मिटलेले ठेवावे. मालिशवालीला मात्र आता बोलावू नये. त्या कातडीला चोळणे सोसत नाही. स्थिर, उबदार, न हलणारा तळहात डोक्यावर आणि पायांवर ठेवणे हीच तिची सध्याची मालिश.

किती दिवस, याचे उत्तर तारखेवरून काढू नका, आठवड्यांवरून काढा. गर्भातले आठवडे धरून तुमची मुलगी आज ३१ आठवडे पार करून दोनेक दिवस पुढे आहे. पोट शांत राहिले आणि दूध रोज किलोमागे २० ते ३० मिलीने वाढवत गेले, तर दर वेळचे ७ मिली तीन-चार दिवसांत १४ मिलीच्या आसपास, म्हणजे दिवसाला किलोमागे सुमारे १५० मिलीवर पोचेल. ब्रिटन आणि आयर्लंडमधील २,८०० हून अधिक बाळांच्या चाचणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, दूध किलोमागे १८ मिलीने वाढवले काय आणि ३० मिलीने वाढवले काय, एनईसी वा पुढील वाढ यांत लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी यातला कोणताही वेग निवडला तरी त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. दूध पुरेसे झाले की सलाइनची नळी निघेल, दुधात पोषणाची भर घालणारी पूड सुरू होईल, ड जीवनसत्त्व आणि काही दिवसांनी लोहाचे थेंब येतील. चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायला शिकवतील, त्याच सुमारास अंगावर घेण्याचे प्रयत्न सुरू होतील, आणि बहुतेक अशी बाळे छत्तीस-सदतीस आठवड्यांच्या सुमारास घरी जातात. तोवरच्या प्रत्येक दिवशी आईला छातीशी धरायला खुर्ची कुठे आणि किती वेळ मिळेल, हे उद्या सकाळी प्रमुख परिचारिकेकडून ठरवून घ्या. टेकायला पाठ असलेली खुर्ची मागा, तीन तास बसायचे आहे.